ऐकीव हत्ती

आज कुवेतभर धूळ आहे.
खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल कोंबलेत,
एसी धापा टाकतोय,
आणि मामा लुलुवा चौथ्यांदा विचारते,
त्या हत्तीचं पुढे काय झालं?

मालकिणीला इथं मामा म्हणतात.
पहिल्या आठवड्यात फार हसू यायचं मला,
माझा मामा मिशाळ, विडी ओढणारा.
आता सवय झाली.
तीही मला बूर्निमा म्हणते. अरबीत प नाही,
त्याला ती तरी काय करणार.

सांगते मग, पायांना तेल लावता लावता.
मागच्या जुलैत आपण गेलो होतो ना,
ब्रेसानोनेला.
पाटीवर खाली ब्रिक्सन असंही लिहिलेलं,
गाव एकच, हाका दोन.
पोरं, सुना केबलकारनं डोंगरावर गेली,
तू नको म्हणालीस.
दोन नद्या मिळतात तिथं तुझी खुर्ची लावली.
तासभर पाण्याकडे बघत होतीस,
मग म्हणालीस, एवढं गोड पाणी, आणि कुणी मीटर लावला नाही?

सफरचंदं कच्चीच होती झाडांवर.
तरी तू एक खिशात टाकलंस,
अजून आहे ते, औषधांच्या कपाटात, सुकून लिंबाएवढं झालेलं.

मग ती ओवरी. जुन्या चर्चची,
चारी बाजूंनी कमानी, छतभर चित्रं,
बाहेरच्या उन्हानंतर माठाच्या पोटात शिरल्यासारखं.
आणि तिथं तो होता,
घोड्याची पाठ, घोड्याचे पाय,
तोंडाला तुतारी चिकटवलेली.
हत्ती म्हणे.
मी इतक्या मोठ्यानं हसले
की प्रार्थनेला बसलेली बाई वळून बघायला लागली.
मी कमलापूरची, मामा.
माझा बाप हत्तींना चारा कापायचा.
मला कानांचा वारा माहीत आहे, अंगाचा वास माहीत आहे,
चिखलात उमटलेल्या पायात साचलेलं पाणी
आम्ही मुलं ओंजळीनं उपसायचो.

वाटाड्या बाई म्हणाली, चित्रकारानं हत्ती कधी पाहिला नव्हता.
ऐकलं तसा काढला.
खरा आला तो बऱ्याच वर्षांनी,
आपल्या बाजूच्या समुद्रातून जहाजानं, मग पायी,
ऐन हिवाळ्यात, बर्फातून,
कुण्या राजपुत्रानं मागवला म्हणून.
दोनेक आठवडे त्या गावात राहिला.
काय खायला घातलं असेल त्याला?
पेंढा? शिळ्या पावाचे ते उंडे,
जे तू एक घास खाऊन माझ्या ताटात सरकवलेस?
उतरला होता त्या खाणावळीला अजून त्याचंच नाव आहे.

इथं मी थांबते.
व्हिएन्नाला पोचला आणि फार दिवस जगला नाही,
हे मामाला सांगत नाही.
ती विचारते, मग घरी कधी गेला?
करार संपल्यावर, मी म्हणते.
तिला पटतं. झोपते.

फोनवर चित्र आलंय.
प्रणोतीनं काढलंय, शाळेत, विषय ‘माझी आई’.
मी निघाले तेव्हा ती सव्वा वर्षाची होती.
हनुवटीवरचा तीळ बरोबर काढलाय.
केसांची क्लिप बरोबर. मागे खजुराचं झाड,
झाडावर बर्फ, दोन्ही मीच सांगितलेलं.
छातीपर्यंत सगळं नीट आहे.
त्याखाली नाही काही.
कागद संपलेला नव्हता, खाली चांगली वीतभर जागा होती,
तिथं तिनं गवत काढलंय.

चित्र मोठं करून पाहिलं. पुन्हा लहान केलं.

उद्या शुक्रवार, अर्धा दिवस माझा.
फोन जमिनीवर ठेवीन, दुधाच्या डब्याला टेकवून,
आणि मागे मागे सरकत जाईन
खोलीच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत.